आजोबांची विंचेस्टर: आधी परवाना, मग किंमत

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला प्रतापनगरात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. माझे आजोबा पवनीकडच्या एका गावाचे मालगुजार होते. त्यांची शिकारीची रायफल पुढे बाबांकडे आली. बाबा गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून ती आमच्या कपाटात आहे. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर केली की नवं काडतूस भरलं जातं, अशी तिची रचना आहे. नळी आठ पैलूंची. तिच्यावर विंचेस्टर, न्यू हेवन, मॉडेल १८९४ आणि .३० डब्ल्यू.सी.एफ. असं कोरलेलं आहे. डाव्या बाजूला दोन भोकं आहेत. दुर्बीण बसवायला बाबांनी ती पाडून घेतली होती. परवान्याच्या पुस्तकात शेवटचा शिक्का २०१९ चा. पुण्याचा भाऊ म्हणतो, पॉलिश करून घेऊ, फोटो ग्रुपवर टाकू, गिऱ्हाईक लगेच मिळेल. अमेरिकेतला भाचा म्हणतो, १८९९ च्या आधीची बंदूक अँटिक धरतात, तिला परवाना लागत नाही, इकडे पाठवा. तिकडे म्हणे एक विंचेस्टर दहा लाख डॉलरच्या वर गेली. आईला ती विकायचीच नाही. रायफलीचा क्रमांक सोबत दिला आहे. आजोबांचा जुना परवाना आणि डबाभर काडतुसंही आहेत. हिची खरी किंमत किती, आणि ती काढायची कशी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, बाबांना जाऊन वर्ष होतंय आणि घरात तीन माणसांची तीन मतं, त्यात निर्णय तुमच्या गळ्यात पडलेला. किंमत कशी काढायची ते मी तपशिलात सांगणार आहे. पण त्याआधी हे ऐका: आपल्या देशात बंदुकीची किंमत तिच्या कागदापासून सुरू होते. चालू परवाना नसलेली रायफल कितीही देखणी असली तरी तिला कायदेशीर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तिथे किंमत कसली काढणार? तुमच्या कपाटातली रायफल आज त्याच अवस्थेत आहे. म्हणून क्रम उलटा करू. आधी तिला कायद्यात आणू, मग तिचं मोल बघू.

परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही. बाबांचा परवाना बाबांबरोबर संपला. खरं तर तो त्याआधीच संपला असण्याची शक्यता आहे. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला आणि मुदत पाच वर्षांची झाली. तुमच्या पुस्तकातला शिक्का कुठल्याही हिशेबाने धरला तरी आज तो चालू नाही. त्याच दुरुस्तीने विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षाही वाढवली: किमान दोन वर्षं, कमाल पाच. हे मी घाबरवायला सांगत नाही. घरातला कर्ता माणूस जातो, दुःखात आणि कागदपत्रांच्या धावपळीत कपाटातली बंदूक तशीच राहून जाते, असं अनेक घरांत होतं. कायद्याने त्यातून बाहेर पडायची वाट ठेवलेली आहे, फक्त ती वेळेत धरायची असते.

ती वाट म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २१. बंदूक जवळ ठेवणं बेकायदेशीर झालं की ती विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. जमा केली म्हणजे हातातून गेली, अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं नाही. वारस पुढे परवाना मिळवून ती परत घेऊ शकतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून तिचे पैसे घेऊ शकतो. पण ठरलेल्या मुदतीत दोन्हीपैकी काहीच केलं नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. जमा करून विसरून जाणं, हे कपाटात ठेवून विसरण्याइतकंच महागात पडतं.

तुम्ही शहरात राहता, म्हणजे तुमच्यासाठी परवाना देणारे अधिकारी नागपूरचे पोलीस आयुक्त. कार्यालय सिव्हिल लाइन्सला. बाबांचं पुस्तक भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडचं असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. याच आठवड्यात तुमच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा: वडिलांचं निधन, रायफलीचं नाव आणि क्रमांक, काडतुसांची संख्या, ती जमा करण्याची तुमची तयारी. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याच्या पुस्तकाची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रायफल कशी आणायची ते त्यांनाच विचारा. ती गाडीच्या मागच्या सीटवर टाकून स्वतः निघू नका, कारण वाटेत कुणी अडवलं तर तुमचा चांगला हेतू कागदावर कुठेच नसेल. अर्ज आधी पोचलेला असला की तो असतो.

आणि कृपा करून घरात कुणीही ती कडी खाली-वर करून बघू नका. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, बाहेरून दिसत नाहीत. शेवटची शिकार कधी झाली, त्या नळीत काही उरलंय का, हे आज कुणालाच ठाऊक नाही. कडी एकदा ओढून मिटली की आत राहिलेलं काडतूस सरळ चेंबरमध्ये, म्हणजे ते जिथून उडतं त्या जागी, जातं आणि मागचा घोडा चढलेला राहतो. त्या काळच्या १८९४ ला आजच्या बंदुकीसारखा सेफ्टीचा खटकाही नाही. ती रिकामी आहे की नाही हे जाणत्या माणसाने, म्हणजे शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराने किंवा पोलिसांची शस्त्रं सांभाळणाऱ्या आर्मररने, तपासू दे. डब्यातली काडतुसं रायफलीसोबत जमा करा. ती चालतात का हे बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. रिकामा खोका मात्र फेकू नका. जुन्या खोक्यांचेही संग्राहक असतात.

जमा करायची कुठे, यात तुम्हाला निवड आहे, आणि माझं मत परवानाधारक विक्रेत्याच्या बाजूने आहे. तो ठेवण्याचे पैसे घेईल, पण तेल लावलेल्या बंदुका ठेवायची त्याच्याकडे सोय असते. ठाण्याच्या मालखान्यात मुद्देमालाच्या ढिगात एक पावसाळा गेला तर नळीत गंज धरतो, आणि तो गंज थेट किमतीतून वजा होतो. कुठेही ठेवलीत तरी देण्याआधी दिवसाच्या उजेडात तिचे सगळीकडून फोटो काढा, अक्षरं आणि क्रमांक जवळून घ्या. पावतीवर फक्त 'एक जुनी रायफल' असं लिहून घेऊ नका; कंपनी, मॉडेल, क्रमांक, नळीची आणि लाकडाची स्थिती लिहून मागा.

आता भाच्याचं म्हणणं. तो काळजीपोटी बोलतोय, पण त्याने सांगितलेला नियम त्याच्या देशाचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात. आपल्याकडे असं वर्ष ठरलेलं नाही. आपल्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या, पुराणवस्तूचं मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे खरी, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नाही, ही अट तिला जोडलेली आहे. चालणारी विंचेस्टर या सुटीत बसत नाही, मग ती सव्वाशे वर्षांची का असेना. शिवाय तुम्ही दिलेला क्रमांक दोन लाखांच्या पुढचा आहे (पूर्ण क्रमांक इथे छापलेला नाही, तुम्हीही तो कुठे टाकू नका). म्हणजे रायफल विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतली आहे. भाच्याच्या देशातही ती त्या रेषेच्या अलीकडेच पडते.

पाठवण्याचा विचार तर सोडूनच द्या. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची रायफल शंभरी ओलांडून गेली आहे. वर बंदुकीच्या निर्यातीचे नियम वेगळेच. त्यामुळे अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे तुमच्यासाठी माहितीपुरते. तो बाजार तुमचा नाही.

दहा लाख डॉलरची जी गोष्ट त्याने सांगितली ती बहुधा २०१६ च्या लिलावातली आहे. ती विंचेस्टर खरोखर साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली. पण ती मॉडेल १८८६ ची क्रमांक १ ची रायफल होती, आणि जेरोनिमो या अपाची नेत्याच्या पाठलागात गाजलेल्या कॅप्टन लॉटनला ती भेट मिळाली होती. तिथे पैसे मोजले गेले ते त्या क्रमांकाला आणि त्या इतिहासाला. तुमचं मॉडेल १८९४ म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या शिकारी रायफलींपैकी एक. जॉन ब्राउनिंगची रचना, आणि सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. दुर्मीळ ती नाही. चांगल्या स्थितीतली, जुनी, मुळातली राहिलेली मात्र कमी असते, आणि तुमच्या रायफलीचं मोल शोधायचं तर तिथेच शोधावं लागेल.

म्हणूनच भावाच्या पॉलिशला माझा ठाम नकार आहे. जुन्या बंदुकीच्या लोखंडावर निळसर-काळा मुलामा असतो. तो वर्षानुवर्षांच्या हाताळणीने कुठे फिकट होतो, कुठे तपकिरी पडतो. संग्राहक नेमकं हेच बघतो, की मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे. पॉलिशच्या चाकावर धरली की तो जातो, अक्षरं उथळ होतात, आठ पैलूंच्या धारदार कडा गोल होतात, स्क्रूभोवतीचं लोखंड खोलगट होतं. चमकते छान, पण जाणकार माणूस दाराशीच ओळखतो, आणि गेलेला मुलामा कुठलाही कारागीर परत आणू शकत नाही. पितांबरी, ब्रासो, सँडपेपर, लाकडाला वॉर्निश, यातलं काहीही नको. बोल्ट-स्क्रू उघडणंही नको. चुकीच्या पेचकसाने खाचा ओरबाडल्या गेल्या की तीही वजाबाकीच. जमा होईपर्यंत मऊ सुती कापडाने धूळ टिपायची, लोखंडावर बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात, इतकंच. चामड्याच्या म्यानात असेल तर बाहेर काढून ठेवा, चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं. आणि ज्या खोलीत कूलर चालतो तिथे ती नको. नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या हवेने लाकूड आकसतं हे खरं, पण कूलरची ओल लोखंडाला त्याहून वाईट.

आता किमतीकडे येऊ. तुमच्या पत्रात मोलाच्या बऱ्याच खुणा आधीच आहेत, त्या मी वाचून दाखवतो.

आठ पैलूंची नळी ही चांगली खूण. १८९४ दोन मुख्य रूपांत यायची. लांब नळीची रायफल, साधारण २६ इंची, आणि घोड्यावर न्यायला सोपी अशी २० इंची कार्बाइन. कार्बाइनची नळी गोल असते, रायफलीची गोल किंवा आठ पैलूंची. कुंद्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, टोकाला चंद्रकोरीसारखी आत वळलेली लोखंडी पट्टी असेल तर ती रायफलच, आणि ती पट्टी मूळची असावी. नळीची लांबी तोंडापासून मागच्या सांगाड्यापर्यंत, म्हणजे घोडा आणि कडी बसवलेल्या लोखंडी भागापर्यंत, मोजून घ्या, पण ती विक्रेत्याकडे, रिकामी असल्याची खात्री झाल्यावर. जुन्या मालकांनी जंगलात सोय म्हणून नळी कापून घेतल्याची उदाहरणं असतात, आणि कापलेली नळी म्हणजे मोठा फटका. नळीखालची काडतुसांची नळी टोकापर्यंत जाते की अर्ध्यावर संपते, हेही बघायला सांगा. अर्धी असेल तर ती कारखान्यातूनच तशी मागवलेली आहे की नंतर कापली, यावर भाव फिरतो.

.३० डब्ल्यू.सी.एफ. म्हणजे पुढे .३०-३० या नावाने प्रसिद्ध झालेलं काडतूस. मॉडेल १८९४ साली निघालं तेव्हा ते काळ्या दारूच्या काडतुसांसाठी होतं; .३० आलं १८९५ मध्ये, धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी, आणि त्यासाठी निकेलयुक्त पोलादाची मजबूत नळी लागली. नळीवर त्या पोलादाचा उल्लेख आहे का बघा. असेल तर नळी आणि काडतूस जुळतात. परवान्याच्या दृष्टीने ही बोअर, म्हणजे नळीचं माप, सोपी आहे. ती प्रतिबंधित .३०३ च्या वर्गात येत नाही. पण कारकुनाने घाईत .३० ऐवजी .३०३ लिहिलं तर पुढे मोठा घोळ होतो, कारण .३०३ हे लष्करी काडतूस आणि त्याचे नियम वेगळे. जमा पावतीवर आणि प्रत्येक अर्जावर बोअर अक्षरशः नळीवर आहे तशीच लिहिली जाते ना, हे स्वतः वाचून बघा.

आता ती दोन भोकं. इथे वाईट वाटेल असं सांगावं लागतंय. या मॉडेलमध्ये रिकामी पुंगळी वरच्या बाजूने उडते, त्यामुळे दुर्बीण डोक्यावर बसवता येत नाही, ती डावीकडे बसवावी लागते. म्हणून बाबांनी सांगाड्यात भोकं पाडली. त्या काळी रायफल हे कामाचं अवजार होतं आणि त्यांनी ती कामाला सोयीची केली, त्यात चूक काही नाही. पण संग्राहकासाठी कारखान्याबाहेर पडलेलं भोक म्हणजे मूळपण गेलं, आणि त्याने भाव बराच उतरतो. भोकं भरून वर मुलामा देऊन घेऊ असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. भरलेलं भोक जाणकाराला दिसतंच, वर काहीतरी लपवल्याचा संशयही येतो. ती जशी आहेत तशी राहू द्या आणि विक्रेत्याला आधीच दाखवा.

नळीचं आतलं अंग हा पुढचा मोठा मुद्दा. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत उरायचा, तो हवेतली ओल ओढायचा, आणि शिकारीहून आल्यावर नळी नीट धुतली नसेल तर आतल्या वळणदार चरांत गंजाचे खड्डे पडायचे. विदर्भातल्या जंगलात पावसाळ्याच्या आगेमागे वापरलेल्या रायफलींत हे वारंवार दिसतं. विक्रेत्याला नळीत दिवा टाकून बघायला सांगा आणि चर स्पष्ट आहेत की नाहीत हे पावतीवर लिहून घ्या. खड्डे असले तरी आत घासणी फिरवून चकचकीत करायला देऊ नका.

आणि आता तुमच्याकडची, माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट: आजोबांचा जुना परवाना. तो १८७८ च्या जुन्या शस्त्र कायद्याखालचा, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या शिक्क्याचा असेल, आणि त्यावर हाच क्रमांक असेल, तर ही रायफल या मालगुजार घराण्यातच तेव्हापासून आहे, हे त्यातून सिद्ध होतं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, नागपूर राजधानी म्हणून १९५६ पर्यंत राहिलं. त्या जगाचा मूळ कागद आणि त्याला जुळणारी वस्तू एकत्र मिळणं सोपं नाही. दुकानाची पावती, शिकारीच्या परमिटचे कागद, रायफल हातात धरलेला आजोबांचा फोटो, जे काही असेल ते शोधा. कुण्या साहेबाने भेट दिली अशी घरातली आठवण असेल तर तीही सांगा, पण कागद नसेल तर तिचे पैसे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. नळीवर किंवा सांगाड्यावर कुठल्या दुकानाचं नाव कोरलंय का, तेही भिंगातून बघा. कोलकात्याच्या रॉडा किंवा मँटनसारख्या पेढ्यांमधून आलेल्या बंदुकांवर त्यांचं नाव असे, आणि असं नाव इथल्या संग्राहकाला आवडतं. ब्रिटनमार्गे आली असेल तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे बारीक छापही सापडतील. मूळ कागद लॅमिनेट करू नका. साध्या कागदी फोल्डरमध्ये, कोरड्या जागी ठेवा.

भाच्याला इथे एक खरं काम देता येईल. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावी बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट हे संग्रहालय आहे. विंचेस्टर कंपनीच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. १८९४ मॉडेलच्या सुरुवातीच्या साधारण साडेतीन लाख क्रमांकांच्या नोंदी त्यात मिळतात, म्हणजे तुमची रायफल त्या कक्षेत येते. शुल्क भरून क्रमांक कळवला की ते पत्र देतात: कुठल्या बोअरची, कुठल्या नळीची, कधी गोदामात आली, कधी बाहेर पडली. नळी खरंच मूळची आठ पैलूंची का, हा प्रश्न तिथे मिटतो. परवान्याचं काम मार्गी लागल्यावर हे पत्र मागवा. विकायची नसली तरी आईला ते वाचून दाखवायला आवडेल.

मग रुपयांत किती? इथे बसून आकडा फेकणं तुमच्यावर अन्याय होईल, कारण आपल्या बाजारात दोन उलट ओढी आहेत. खासगी माणसाने परदेशी बंदूक आयात करणं १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे, त्यामुळे देशात असलेल्या परदेशी बंदुकांचे भाव बाहेरच्या मानाने चढे राहतात. दुसरीकडे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्याही त्यातच मोजतात. त्यामुळे संग्राहक आपल्या दोनपैकी एक जागा कुठल्या बंदुकीला द्यायची याचा फार विचार करतो, आणि त्या वेळी अनेकांना तिसरी बंदूक काढून टाकावी लागली. वापरासाठी घेणारा शेतकरी, रानडुकरांनी वैतागलेला, तुमच्याकडे येणार नाही. त्याला .३१५ किंवा बारा बोअर परवडते, कारण त्यांची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात आणि दुकानात मिळतात. .३०-३० ची काडतुसं इथे बनत नाहीत. उरतो तो मोजका संग्राहक, आणि तो भोकं बघून भाव पाडून मागेल.

त्यामुळे किंमत काढायची खरी पद्धत म्हणजे निदान तीन परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी भाव घेणं. एक नागपूरचा, बाकीचे मुंबई-पुण्याचे असले तरी चालतील. त्यांना फोटो, जमा पावती आणि नळीच्या तपासणीची नोंद पाठवा, रायफल पाठवू नका. प्रत्येकाला दोन आकडे विचारा: तुम्ही आत्ता रोख घ्याल तर किती, आणि आमच्या वतीने गिऱ्हाईक शोधून विकलीत तर आमच्या हातात किती. या दोहोंत बराच फरक असतो, आणि पहिल्यावर बहुतेक घरं घाईने हो म्हणतात. विक्रेत्याने पत्रावर किंमत लिहिताना बंदुकीची स्थिती आणि भोकं नमूद केली आहेत का बघा. नसतील तर तो आकडा बघितल्यावर खाली येणार.

ग्रुपवर फोटो टाकायचा बेत मात्र आजच थांबवा. विक्रीसाठी मांडणं हेसुद्धा कायद्याच्या कक्षेत येतं, आणि घरात विनापरवाना रायफल आहे असा पुरावा आपल्याच हाताने गावभर वाटण्यात काही अर्थ नाही. चोरांनाही तोच फोटो दिसतो. परवाना असलेल्या खासगी माणसाला विकायचं ठरलं, तरी आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

ठेवायची असेल तर वारसा म्हणून परवान्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत, म्हणजे भावाची आणि आईची, लेखी लागेल. पोलीस पडताळणी होईल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागेल. परवान्याला आता देशभरच्या नोंदणीतला एक ओळख क्रमांक, यूआयएन, लागतो. बाबांच्या पुस्तकावर तो आहे का बघा. ज्याच्या नावावर परवाना होईल त्याला दर पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात मागितल्यास जमा करणं आणि घरात कुलपाखाली ठेवणं हे सगळं मनापासून करायला हवं. आईची इच्छा मला पूर्णपणे पटते, पण परवाना आईच्या नावावर नको. तुम्ही किंवा तुमच्या मुलांपैकी कुणी जबाबदारीने हे करणार असाल तर ठेवा असंच मी म्हणेन. भोकं पडलेली १८९४ विकून हाती येणारे पैसे आणि आजोबांचा शिक्का असलेला कागद शेजारी ठेवले, तर मला कागद जड वाटतो. कुणाचीच तयारी नसेल तर संकोच न करता मुदतीत विका. सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचं दालन आहे. दान द्यायचं मनात आलं तर त्यांना लेखी विचारून बघायला हरकत नाही.

आणखी एक. पवनीकडच्या जुन्या घरात भिंतीवर सांबराची शिंगं किंवा कातडं असेल, तर ते रायफलीसोबत 'सेट' म्हणून विकायचा विचार चुकूनही करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याचा व्यापार बंद आहे, आणि बाळगायलाही मालकीचा दाखला लागतो. तो आहे का, हे जुन्या कागदांत शोधा. नसेल तर वनविभागात वकिलाला सोबत घेऊन जा.

भावाचा हिस्सा राहिला. रायफल तुम्ही ठेवणार असाल तर तिन्ही लेखी भावांमधले 'आत्ता रोख घेऊ' असे आकडे घ्या, त्यांची सरासरी काढा, आणि आई व भाऊ यांचा जो कायदेशीर हिस्सा होईल तो त्या आकड्यावर ठरवा. आईला आपला हिस्सा सोडायचा असेल तर तसं लिहून घ्या. हे सगळं ना-हरकत पत्रावर सही होण्याआधी ठरवा आणि त्याच कागदावर लिहा, म्हणजे परवान्याच्या अर्जाला जोडताना भावाचं मनही मोकळं असेल.